ओल्ड रेक्टरी: आधी कागद, मग चुना

इंग्लंडच्या जुन्या गावांत चर्चच्या आवाराला लागून एखादं ऐसपैस घर असतं आणि फाटकावर ‘द ओल्ड रेक्टरी’, म्हणजे जुनं पाद्रीघर, अशी पाटी असते. आत पाद्री राहत नाही. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला छोट्या, गरम राहणाऱ्या घरात असतो. चर्चने अशी हजारो घरं विसाव्या शतकात विकून टाकली. त्यांपैकी लिंकनशरच्या चुनखडीच्या पट्ट्यातलं एक घर आम्ही नोव्हेंबर २०२१ मध्ये पसंत केलं. ते ग्रेड टू म्हणून सूचीत आहे, म्हणजे संरक्षित ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत. त्याच्या दुरुस्तीची परवानगी हाती पडली मार्च २०२३ मध्ये आणि काम संपलं २०२४ च्या शरद ऋतूत. इकडे राहणारे बरेच मराठी लोक आता जुनी घरं घेऊ लागलेत, म्हणून कुठे काय मागावं, कुठे थांबावं लागतं आणि पैसे कुठे जातात, ते क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली की पुढचं सोपं जाईल. तेवढ्याच आकाराच्या शेतकऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या घराचे कागद मिळता मिळत नाहीत, रेक्टरीचे मात्र ढिगाने मिळतात. कारण रेक्टर, म्हणजे गावाचा पाद्री, घराचा खरा मालक नसायचा. घर आणि त्याला जोडलेली जमीन, म्हणजे ग्लीब, ही पदाची असायची, साधारण आपल्या देवस्थान इनामासारखी. पदावर आहे तोवर उपभोग घ्यायचा, विकायचं नाही आणि जाताना धडधाकट सोपवायचं. नवा रेक्टर आला की तो पडझडीची भरपाई आधीच्याकडून मागायचा. आधीचा वारला असेल तर त्याच्या वारसांकडून. त्यामुळे प्रत्येक भिंत आणि प्रत्येक कोठार कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. परवानगीच्या अर्जात आम्हाला सगळ्यात जास्त कामाला आले ते हेच कागद.

रेक्टर आणि व्हिकर यांतला फरकही घरात दिसतो. गावाच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा, टाइद, पूर्ण मिळायचा तो रेक्टर. व्हिकरला सहसा त्यातला किरकोळ भागच मिळे. धान्य आणि गवत यांचा मोठा वाटा आधी मठांकडे आणि मठ बंद झाल्यावर जमीनदारांकडे गेला. म्हणून रेक्टरी बहुधा व्हिकरेजपेक्षा मोठी असते.

खरेदी: नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२

वकिलाकडून तीन गोष्टी मुद्दाम मागून घ्या.

पहिली, चान्सेल दुरुस्तीचा शोध. चर्चच्या पूर्वेकडचा भाग म्हणजे चान्सेल, आणि त्याची दुरुस्ती मध्ययुगापासून रेक्टरच्या डोक्यावर होती. रेक्टरीची जमीन सामान्य माणसाकडे गेली की हा बोजाही तिच्याबरोबर जायचा. २००३ साली ॲस्टन कँटलो या गावाच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हा बोजा अजून जिवंत असल्याचा निकाल दिला आणि एका जोडप्यावर दीड लाख पौंडांहून मोठं बिल येऊन पडलं. १३ ऑक्टोबर २०१३ नंतर नियम बदलले: बोजा नोंदवलेला नसेल तर त्यानंतर मोबदला देऊन जमीन घेणारा नवा मालक सुटतो. आमचं घर प्रत्यक्ष पाद्र्याचं होतं, त्यामुळे धोका तसाही कमी होता. तरी कर्ज देणारी संस्था शोध मागतेच. शोध आणि विमा मिळून काही दहा पौंडांत भागतं. त्यावर वाद घालत बसू नये.

दुसरी, चर्चने विकलं तेव्हाचं खरेदीखत. आमचं १९५० च्या दशकातलं निघालं. अटी अशा: आवारात मद्यविक्री नको, प्रार्थनेच्या वेळी गोंगाट नको, नवं बांधकाम करायचं तर डायोसिसची, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताची, संमती घ्या. नगरपालिकेची परवानगी आणि ही संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

तिसरी, आधीच्या मालकांनी काढलेल्या परवानग्या. सूचीतल्या घरात विनापरवाना केलेलं काम हा फौजदारी गुन्हा आहे आणि ते पूर्ववत करायला लावण्याला मुदतीची मर्यादा नाही. काम आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी नोटीस आजच्या मालकाला येते. १९७० च्या दशकात बसवलेल्या दोन खिडक्यांचा कागद सापडेना, तेव्हा तेवढ्यापुरता विमा विक्रेत्याच्या खर्चाने घेतला.

सर्वेक्षण लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात तपशीलवार, प्रकारचंच करा आणि जुन्या घरांची सवय असलेला माणूस शोधा. आम्हाला सुमारे १५०० पौंड पडले. पहिल्या फेरीत कर्ज देणाऱ्यांनी पाठवलेल्या माणसाने भिंतीला विजेचं ओलमापक लावलं आणि ‘जमिनीतून ओल चढते, रसायन टोचा’ असं लिहून दिलं. ते यंत्र मुळात लाकडासाठी बनवलेलं आहे. जुन्या गिलाव्यात क्षार असले की कोरड्या भिंतीवरही काटा वर जातो. दुसऱ्या सर्वेक्षकाने बाहेर जाऊन पाहिलं. विटांच्या दरजा सिमेंटने भरलेल्या, पन्हळ फुटलेलं आणि मागच्या अंगाला बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वीतभर वर. रसायनाचा विषय तिथेच संपला.

सूचीतली नोंद हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. आमची नोंद जेमतेम एका परिच्छेदाची: लाल विटांची रेक्टरी, एकोणिसाव्या शतकाचा आरंभ, पाच खिडक्यांची दर्शनी बाजू, स्लेटचं छप्पर. नोंद करणाऱ्याने आत पाऊल ठेवलेलं दिसत नाही. पण नोंदीत नाही म्हणून संरक्षण नाही असं समजू नका. घर आतून-बाहेरून सगळं संरक्षित असतं, आणि १ जुलै १९४८ च्या आधीपासून आवारात असलेली बहुतेक बांधकामंही: तबेला, बागेची भिंत, पंपाची खोली.

कागद: वसंत आणि उन्हाळा २०२२

लिंकन शहरातल्या लिंकनशर आर्काइव्ह्जमध्ये डायोसिसचे जुने कागद आहेत. वाचकपत्र फुकट मिळतं. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. जागा आणि कागद दोन्ही आधी नोंदवावे लागतात. आत शिसपेन्सिलच चालते. फोटो काढायचे तर वेगळं शुल्क भरा, ते वसूल होतं. घरी मोठ्या पडद्यावर वाचलेलं अक्षर वाचनालयात वाचलेल्यापेक्षा कितीतरी जास्त उलगडतं.

लिंकनची डायोसिस एके काळी प्रचंड मोठी होती. लेस्टरशर, बकिंगहॅमशर, बेडफर्डशर हे सगळं तिच्यातच होतं. एकोणिसाव्या शतकात ते तुटून वेगळं झालं. त्यामुळे घर दुसऱ्या काउंटीत असेल तरी जुने कागद कोणत्या डायोसिसखाली पडले असतील, ते आधी पाहा. रेक्टर नेमण्याचा हक्क ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजकडे असेल तर तिथल्या अभिलेखागारालाही पत्र टाका. नकाशे कधीकधी तिथे निघतात. क्वीन ॲन्स बाउंटी या गरीब पाद्र्यांसाठीच्या १७०४ सालच्या निधीचे कागद आता लंडनच्या लँबेथ पॅलेस ग्रंथालयात आहेत.

पहिला मागायचा कागद म्हणजे ग्लीब टेरियर. १६०४ च्या धर्मनियमांनी प्रत्येक गावातून ग्लीबची ही यादी मागवली. घर किती ‘बे’चं, म्हणजे दोन कैच्यांमधले गाळे किती, भिंती कशाच्या, छप्पर गवताचं की कौलाचं, कोठारं किती, जमिनीच्या पट्ट्या कुठे कुठे, शेजारी कोण, हे सगळं त्यात असतं. आमच्या सतराव्या शतकातल्या टेरियरमध्ये घर मातीच्या भिंतींचं आणि गवताने शाकारलेलं आहे, पण त्याला जोडून दगडी स्वयंपाकघर आहे. या भागात लाकडी सांगाड्यावर पट्ट्या ठोकून माती लिंपण्याची पद्धत होती, तिला मड अँड स्टड म्हणतात. मातीचं घर गेलं. दगडी स्वयंपाकघराचं काय झालं हे पुढे कळलं.

तारखांबाबत एक सावधगिरी: १७५२ पर्यंत इंग्लंडात कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा कागद आपल्या हिशेबाने एक वर्ष पुढचा. याच काउंटीतल्या एपवर्थची रेक्टरी जळाली ती ९ फेब्रुवारी १७०९ ला, पण त्या वेळच्या हिशेबात साल १७०८. त्या आगीतून वाचलेला पाच वर्षांचा मुलगा म्हणजे मेथडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली. त्यानंतर विटांनी बांधलेली रेक्टरी आज संग्रहालय आहे. रेक्टरीची मांडणी समजून घ्यायची तर ती एकदा पाहावी.

दुसरा कागद सगळे सुचवतात तो टाइद नकाशा. १८३६ च्या कायद्याने धान्यातला दहावा हिस्सा पैशात बदलला आणि त्यासाठी गावोगाव नकाशे झाले. आम्ही तो शोधत बसलो आणि तो नव्हताच. लिंकनशर आणि मिडलंड्समधल्या पुष्कळ गावांत टाइदचा निकाल त्याआधीच लागला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सामाईक शेतं मोडून वाटण्या झाल्या, त्या एन्क्लोजरमध्ये रेक्टरला टाइदच्या बदल्यात सरळ जमीनच दिली गेली. तुमच्याही गावाचा टाइद नकाशा सापडत नसेल तर एन्क्लोजरचा निवाडा मागा. त्यात रेक्टरच्या नावापुढचा आकडा पाहिला की घर एकाएकी मोठं का झालं ते कळतं. जमीन वाढली, फ्रान्सशी चाललेल्या युद्धात धान्याचे भाव चढले आणि खंडही चढला. गावच्या जमीनदाराचा धाकटा मुलगा रेक्टर व्हायला तयार होऊ लागला, आणि असा माणूस मातीच्या घरात थोडाच राहणार?

पण हातात रोकड नसायची. इथे तिसरा कागद येतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा: गिल्बर्ट कायद्याचं गहाणखत. थॉमस गिल्बर्ट नावाच्या खासदाराने १७७६ साली आणलेल्या या कायद्याने रेक्टरला पदाचं उत्पन्न गहाण ठेवून घर बांधायला किंवा दुरुस्त करायला कर्ज काढता येऊ लागलं. मर्यादा साधारण दोन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाची. मुद्दल वर्षाला पाच टक्के फेडायचं, म्हणजे कर्ज वीस वर्षांचं, आणि बांधणारा मेला तर हप्ता पुढच्या रेक्टरच्या गळ्यात. म्हणूनच बिशप आणि नेमणुकीचा हक्कदार दोघांचीही संमती लागायची आणि कागदपत्रं चोख असायची: जुन्या घराच्या स्थितीचा दाखला, नवा आराखडा, कामाचं तपशीलवार वर्णन, खर्चाचा अंदाज, शिवाय जुन्यातलं किती लाकूड आणि सामान पुन्हा वापरता येईल याचा हिशेब.

आमच्या घराचं गहाणखत वॉटर्लूच्या लढाईनंतरच्या दोन-तीन वर्षांतलं आहे. सोबत तळमजल्याचा रंगवलेला नकाशा. त्यात मागच्या बाजूला एका चौकोनात लिहिलंय, ‘जुनं स्वयंपाकघर, राहू द्यायचं’. टेरियरमधलं दगडी स्वयंपाकघर ते हेच. सूचीत ज्या घराला एकोणिसाव्या शतकाचा आरंभ म्हटलंय, त्याचा मागचा भाग निदान दीडशे वर्षांनी जुना निघाला.

मांडणीही याच नकाशावरून समजली. दर्शनी दरवाजातून दिवाणखाना आणि जेवणघर, दोन्हींना दक्षिणेकडची बाग. रेक्टरची अभ्यासिका मात्र बाजूला, तिला स्वतंत्र दार. गावकरी लग्नाची नोंद करायला किंवा मदत मागायला यायचे. चिखलाचे बूट घालून त्यांनी घरच्या मंडळींमधून जाऊ नये म्हणून ही सोय. हे दुसरं दार म्हणजे पाद्र्याच्या घराची सगळ्यात पक्की खूण. आमच्याकडे ते विटांनी बुजवून कपाट केलेलं होतं. उत्तरेला दूधघर, मांस टांगायची खोली आणि नोकरांचा जिना.

जनगणनेचे कागद पटकन उरकतात. १८४१ पासूनच्या याद्या मिळतात, १९२१ ची जानेवारी २०२२ मध्येच खुली झाली, १९३१ ची आगीत गेली आणि १९४१ ला गणनाच झाली नाही. नोकर किती होते आणि कुठून आलेले एवढं कळतं, भिंतींबद्दल काही नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे, मैलाला पंचवीस इंच प्रमाणाचे नकाशे त्याहून उपयोगी आहेत. ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात आणि एकाशेजारी एक ठेवले की कोणती पडवी कधी आली नि गेली ते दिसतं.

भिंती वाचताना

कागद खोटं बोलू शकतो. आराखडा मंजूर झाला म्हणून तसंच बांधलं असं नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट घरात जाऊन ताडून पाहावी लागते.

विटांची उंची चार थर मिळून मोजा, एकेका विटेची नको. विटांवर १७८४ ते १८५० कर होता, तो नगावर. म्हणून लोक मोठ्या विटा पाडू लागले, तेव्हा १८०३ मध्ये १५० घन इंचांहून मोठ्या विटेला दुप्पट कर आला. दर्शनी बाजूला एकाच थरात लांब आणि आखूड तोंडं आलटून पालटून, म्हणजे फ्लेमिश पद्धत. बाजूच्या भिंतीला स्वस्त, ओबडधोबड काम. पैसा कुठे संपला ते दिसतं.

पहिल्या मजल्यावरची एक खिडकी, बाहेरून खिडकी आणि आतून नुसती भिंत. प्रत्येक येणारा सांगतो, ‘खिडकीकरामुळे बुजवली’. तो कर १६९६ ते १८५१ होता हे खरं, पण आमच्या नकाशात त्या जागी पहिल्यापासूनच धुराडं आहे. पाचाची मोजणी जुळावी म्हणून खोटी खिडकी काढलेली. अशी खिडकी ‘पुन्हा उघडायची’ परवानगी मागितली असती तर हसं झालं असतं.

सरकत्या खिडक्यांच्या काचांमधल्या पट्ट्या जितक्या जाड तितक्या साधारण जुन्या. आमच्या मुख्य खिडक्यांच्या पट्ट्या बोटभरही नाहीत, म्हणजे जॉर्जियन काळाच्या (१७१४ ते १८३०) शेवटच्या. पूर्वेकडच्या बाहेर आलेल्या खिडकीला मात्र मोठमोठ्या अखंड काचा आणि वरच्या चौकटीला खाली लोंबणारी शिंगं. पट्ट्या गेल्यावर जड काचेचा भार पेलायला सांध्याला ती ठेवत, आणि ती दिसली की एकोणिसाव्या शतकाचा मध्य ओलांडला असं समजावं. तेव्हाच्या रेक्टरांना गॉथिक कमानींचं वेड होतं. मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच जगातला: बकिंगहॅमशरमधल्या गॉकॉटच्या पाद्र्याचा मुलगा, जन्म १८११. आमच्या घराला त्या लाटेतून एक टोकदार कमानीची शेगडी तेवढी मिळाली.

फसगत होते ती माळ्यावर. पुढच्या छपरात ओकचे काही वासे आहेत. त्यांवर सुताराने कोरलेले रोमन आकडे आहेत, पण ओळीने येत नाहीत, आणि खाचा रिकाम्याच. गहाणखतातल्या यादीशी जोडून पाहिलं तर अर्थ लागतो: जुन्या घराचं लाकूड नव्यात वापरलं. लाकडाची वर्तुळं मोजून काळ काढणारा तज्ज्ञ बोलावला असता तर त्याने झाड तोडल्याचं साल बरोबर सांगितलं असतं आणि आम्ही ते घराचं साल समजलो असतो. वर्तुळमापनाला पैसे घालण्याआधी सांधे पाहा.

अर्ज: सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२३

आम्हाला हवं होतं ते एवढंच: सिमेंटच्या दरजा काढून चुन्याच्या भरणं, दोन पाख्यांमधल्या पन्हळीचं शिसं बदलणं, खिडक्या दुरुस्त करणं, अभ्यासिकेचं दार उघडणं आणि वर एक न्हाणीघर.

लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटला, म्हणजे सूचीतल्या घरात काम करण्याच्या परवानगीला, सरकारी फी नाही. पैसे जातात ते कागद तयार करण्यात. मोजमाप करून काढलेले नकाशे सुमारे २००० पौंड. वारशाचं निवेदन, म्हणजे घराचा इतिहास आणि महत्त्व सांगणारा कागद, लिहून घ्यायचं तर तेवढेच आणखी. निवेदन आम्ही स्वतः लिहिलं, कारण कागद हाताशी होते. सल्लागाराने फक्त तपासून दिलं. तळमजल्याचा नकाशा घेऊन कोणती भिंत कोणत्या काळची ते चार रंगांत दाखवा. बाकीची वीस पानं वाचली जातीलच असं नाही, हा नकाशा मात्र अधिकारी हातात घेऊन घरभर फिरतो. मग प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी: काय बदलणार, काय नष्ट होणार आणि ते का टाळता येत नाही.

स्थानदर्शक नकाशा १:१२५० वर, घराचे १:५० वर, खिडक्या-दारांचे छेद १:५ वर. हद्दीची लाल रेघ आणि मालकीचा दाखला यांत चूक असली की अर्ज ‘वैध’च होत नाही, आणि आठ आठवड्यांची मुदत वैध झाल्यापासून मोजली जाते. त्यात २१ दिवस हरकतींसाठी. प्रत्यक्षात मुदत एकदा वाढवून मागितली गेली. नाही म्हणण्यात अर्थ नसतो, नकार मिळतो.

वेळापत्रक खरं ठरवतात ती वटवाघळं. छपराला हात लावायचा तर आधी त्यांची पाहणी लागते. माळ्याची प्राथमिक पाहणी कधीही होते, पण संध्याकाळी बाहेर पडताना मोजण्याची पाहणी मे ते सप्टेंबरमध्येच. जागा रिकामी दिसली तरी तिला कायद्याचं संरक्षण आहे. सप्टेंबर चुकला की थेट पुढचा मे. आम्ही जूनमध्येच पाहणी उरकली. मागच्या कौलांखाली थोडी निघाली, म्हणून तिथलं काम वगळून अर्ज केला.

मंजुरी अटींसह आली. दरजांचा एक मीटर बाय एक मीटरचा नमुना आधी दाखवा. न्हाणीघराचे नळ जुन्या तुळयांना खाच न पाडता न्या. खिडक्यांना दुपदरी काच नाही. आतून वेगळं तावदान चालेल. दाराबद्दल काहीच खळखळ झाली नाही, १८१० च्या दशकातला नकाशा जोडलेला होता ना. अटी पूर्ण झाल्याचं लेखी मिळवा, त्यालाही फी नाही. काम तीन वर्षांत सुरू व्हायला हवं.

काम: एप्रिल २०२३ पासून

चुन्याचं काम थंडीत करत नाहीत. पारा पाच अंशांखाली जाण्याची शक्यता असेल तर थांबायचं. ओला चुना गोठला की भुगा होतो. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. चांगल्या गवंड्याचा उन्हाळा आधीच्या वर्षीच भरलेला असतो. दरपत्रकं चौरस मीटरला ९० ते १५० पौंडांमध्ये आली, वर २० टक्के व्हॅट. सूचीतल्या घरांच्या मंजूर बदलांना असलेली करमाफी १ ऑक्टोबर २०१२ ला संपली. जुने लेख वाचून तिच्या भरवशावर अंदाजपत्रक करू नका.

सिमेंट काढताना फिरती कटर नको. विटेची कड एकदा गेली की दरज कायमची रुंद दिसते. छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट आणि निदान २५ मिलिमीटर खोल. धूळ झाडा, भिंत भिजवा, मग एकाला तीन प्रमाणात चुना आणि जाडबारीक दाण्यांची खरखरीत वाळू. आमच्या मऊ विटांना मुरवलेला चुनाच योग्य होता. पाण्यात घट्ट होणारा, पाच नंबरचा कडक चुना म्हणजे जवळजवळ सिमेंटच. भरल्यावर थोडं आवळू द्यायचं आणि राठ ब्रशने ठोकायचं, म्हणजे वाळूचे कण उघडे पडतात. नंतर ओलं गोणपाट किमान आठवडाभर. पहिला नमुना नामंजूर झाला तो यामुळेच: वरवरचं पाणी उन्हाने ओढून घेतलं आणि दरजा पांढऱ्याफटक, पिठूळ झाल्या.

भिंत वाळायला महिन्याला साधारण इंचभर, असा हिशेब धरतात. दीड फुटाच्या भिंतीला दीड वर्ष. आतून रंग लावायची घाई केली तर पोपडे येतात, आणि लावायचा तो चुन्याचाच, प्लास्टिकचा नाही. मागची जमीन खाली घेतली आणि पन्हळ धड केलं, त्याचा फरक मात्र पहिल्याच हिवाळ्यात दिसला.

पन्हळीचं शिसं फुटलं होतं त्याचं कारण ते फार लांब होतं. चार मीटरचा अखंड पत्रा. उन्हात ताणतो, थंडीत आखडतो, शेवटी चिरतो. कोड सातचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटर जाडीचा पत्रा एका तुकड्यात साधारण अडीच मीटरपर्यंतच घालावा आणि पुढचा तुकडा ५० मिलिमीटरच्या पायरीने खाली घ्यावा. पायऱ्या वाढल्या की खालची लाकडी बैठक बदलते, म्हणून हेही अर्जात लिहिलेलं हवं.

खिडक्या एकेक उतरवून, कुजलेला खालचा भाग कापून तिथे नवं लाकूड जोडलं. जुन्या काचा लहरी दिसतात, त्या वाचवल्या; जवसाच्या तेलाची पुट्टी हळूहळू मऊ करून सुटते, ओढू नये. चौकट पुन्हा टांगताना तिचं वजन करा. नव्या लाकडाने आणि रंगाच्या थरांनी ते बदलतं, आणि पेटीतली लोखंडी वजनं तेवढीच नसली तर खिडकी वर राहत नाही किंवा खाली येत नाही. एका खिडकीला ८०० ते १२०० पौंड. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासू नका. शटर्स नाहीत असं वाटत असेल तर खिडकीच्या दोन्ही अंगांची पॅनेलं ठोकून पाहा. आमची सगळी रंगाखाली चिकटून आतच बसली होती.

शेवटचं राहिलेलं काम पुन्हा कागदाचंच. निवेदन, रंगवलेला नकाशा आणि कामाचे फोटो काउंटीच्या ऐतिहासिक पर्यावरण नोंदवहीला पाठवले. ते पीडीएफ आनंदाने घेतात. सूचीतली नोंद सुधारण्याचा अर्ज हिस्टॉरिक इंग्लंडकडे गेलाय. त्यासाठी टेरियरचा आणि गहाणखताचा संदर्भक्रमांक लागतो, नुसता फोटो पुरत नाही. फोटोंना नाव देताना कोणती भिंत आणि कोणता महिना ते लिहा, आणि चुन्याचं प्रमाण व वाळू कुठल्या खाणीची तेही त्याच फाइलमध्ये घाला. पुढच्या गवंड्याला आधी तेच लागणार आहे.